११ वर्षांच्या मुलीला अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनला न्यावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही उत्तर व्हर्जिनियात राहता. मुलगी ११ वर्षांची आहे, वह्याच्या वह्या अ‍ॅनिमेतल्या (म्हणजे जपानी कार्टून मालिकांतल्या) पात्रांनी भरते आणि यंदाच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला होणाऱ्या ओटाकॉनला, म्हणजे अशा मालिकांच्या चाहत्यांच्या मोठ्या मेळाव्याला (कन्व्हेन्शनला), जायचंच म्हणून मागे लागली आहे. तिची आई तयार आहे. तुम्हाला वाटतं की तेवढ्या पैशात कोडिंगचा एखादा कॅम्प होईल. सुट्टीसाठी सांगलीहून आलेल्या तुमच्या आईंना हा सगळा प्रकार म्हणजे सोंगं वाटतात. आणि तुम्ही विचारता, "यातून ती नक्की शिकणार काय?"

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकले. आता मेरीलँडमध्ये शनिवार-रविवारी मुलांना चित्रकला आणि वेशभूषा तयार करायला शिकवते. या भागातल्या कन्व्हेन्शनमध्ये माझी चित्रं घेऊन टेबल लावते आणि छोट्या स्पर्धांमध्ये कॉस्प्लेचं, म्हणजे पात्रांसारख्या केलेल्या वेशांचं, परीक्षण करते. म्हणजे या जगावर माझा जीव आहे. तरीही प्रत्येक मुलाला तिथे न्यावं असं मी म्हणत नाही.

"काय शिकेल" यामागे तुमची खरी काळजी वेगळी असावी असं मला वाटतं. ती तिथे जाऊन नुसती खरेदी करेल, दमेल, हातात ६० डॉलरची बाहुली घेऊन परत येईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीनसमोर बसेल, ही ती काळजी. ती रास्त आहे, कारण असं होतं. विक्रेत्यांचा हॉल सगळ्यात मोठा, सगळ्यात झगमगीत असतो आणि गर्दीचा लोंढा तुम्हाला आपोआप तिकडेच नेतो. काहीही न ठरवता गेलात तर दिवसातले चार-पाच तास त्यातच जातात.

म्हणून माझं उत्तर चार गोष्टींवर अवलंबून आहे. ती नुसती बघते की स्वतः काही करते? (तुमची करते, हे उत्तम.) गर्दी आणि गोंगाट तिला कितपत झेपतो? बरोबर कोण असणार? आणि किती दिवस? तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगते: एक दिवस, थोडी तयारी करून, तुमच्यापैकी कुणीतरी पूर्ण वेळ बरोबर राहून जरूर न्या. तीन दिवस नकोत. या वयाला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काही डोक्यात शिरत नाही.

आता का न्यायचं ते. घरी तिच्यापर्यंत सगळं तयार होऊन पोचतं. मालिका पूर्ण झालेली, पात्र रंगवून झालेलं, संगीत बसवून झालेलं. ते कुणीतरी केलंय, खोडून पुन्हा केलंय, त्यासाठी रात्री जागवल्यात, हे तिला ऐकून माहीत असेल, पण तिने ते पाहिलेलं नाही. कन्व्हेन्शनमध्ये ती करणारी माणसं हाताच्या अंतरावर बसलेली असतात आणि त्यांच्याशी बोलता येतं. माझ्या दृष्टीने शिकण्याची मुख्य गोष्ट ही. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

या मेळाव्यांची घडणच तशी आहे. जपानमधला सगळ्यात मोठा हौशी मेळावा, कॉमिकेट, २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत सुरू झाला. तेव्हा स्वतःची मासिकं स्वतः छापून आणणारे ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं एवढाच त्याचा आवाका होता. आज तो वर्षातून दोनदा टोकियो बिग साइट या अवाढव्य प्रदर्शन केंद्रात भरतो. पण त्यांचं एक तत्त्व अजून टिकून आहे: इथे कुणी गिऱ्हाईक नाही, विकणारा, घेणारा आणि रांग सांभाळणारा हे सगळे सहभागी. ओटाकॉनही १९९४ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात चाहत्यांनीच सुरू केलं. पुढे ते बाल्टिमोरला गेलं आणि २०१७ पासून वॉशिंग्टनच्या वॉल्टर ई. वॉशिंग्टन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतं. आता ४० हजारांहून जास्त लोक येतात, तरी ते चालवतात स्वयंसेवकच. रांगेत उभं करणारा, माइक लावणारा, हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर बसलेली बाई, हे सगळे एरवी कुठेतरी नोकरी करतात आणि इथे हौसेने राबतात. मुलीला त्यांच्यापैकी एकाला विचारू द्या, "तुम्ही एरवी काय करता?" आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळात वाढलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. इथल्या उपनगरात वाढलेल्या मुलांना मात्र एवढं मोठं काम पगाराशिवाय उभं राहतं हे बघायला फारसं मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा: आर्टिस्ट ॲली. लांबच लांब रांगांमध्ये छोटी टेबलं असतात. प्रत्येकावर एक-दोन चित्रकार, मागे जाळीवर टांगलेली चित्रं, पुढे स्टिकर, किचेन, छोटी पुस्तकं. बरेच जण बसल्या बसल्या काहीतरी काढत असतात. दिवसातला सगळ्यात ताजा वेळ इथे द्या, म्हणजे सकाळचा पहिला दीड तास.

या वयाच्या मुलांच्या वह्या मी सतत बघते. चेहरा पाऊण वळलेला आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. एका डोळ्यावर केसांची बट, कारण दोन डोळे सारखे काढणं अवघड. हात पाठीमागे किंवा खिशात, कारण बोटं जमत नाहीत. पाय कागदाच्या बाहेर. तुमच्या मुलीची वही उघडून बघा, यातलं निम्मं तरी सापडेल. त्यात वाईट काही नाही, सगळे इथूनच जातात. पण मी वर्गात कितीही वेळा "स्वतःचा डावा हात समोर ठेव आणि काढ" असं सांगितलं, तरी ते बाईंचं सांगणं असतं. जिचं चित्र तिला वेड लावून गेलंय, त्या चित्रकर्तीला तिने "तुम्ही हात काढायला कशा शिकलात?" असं विचारलं की उत्तर जवळपास नेहमी हेच येतं: आरशात बघून, घरच्यांचे हात बघून, फोटो काढून, वह्या भरून. सांगणारी व्यक्ती बदलली की तेच वाक्य पोचतं. माझ्याकडची मुलं कन्व्हेन्शनहून परत आली की काही आठवडे पानंच्या पानं हात काढतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

प्रश्न मात्र घरून ठरवून न्यायला हवेत. "तुमचं चित्र छान आहे" म्हणून मूल गप्प होतं आणि चित्रकारही "थँक यू" म्हणून गप्प होतो. त्याऐवजी नेमका प्रश्न: हा कागद कुठला? आधी पेन्सिल की थेट शाई? ही सावली जांभळी का केली? यातलं सगळ्यात जास्त वेळा काय खोडलं? शेवटचा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम देते. त्यावर चित्रकार खुलतात, फोनवर कच्ची रेखाटनं काढून दाखवतात. आणि टेबलाचे काही शिष्टाचार आहेत, तेही आधीच सांगा. कुणी पैसे देत असेल तर बाजूला सरकून थांबायचं. टांगलेल्या चित्रांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. "मला एक काढून द्या ना" असं फुकट मागायचं नाही. पैसे देऊन वहीत छोटं रेखाटन करून देणारे बरेच असतात, त्यांनी दर लिहिलेला असतो. म्हणून एक कोरी, जाड कागदाची वही बरोबर असू द्या.

तिथेच तिला गणितही भेटतं, आणि खऱ्या कामाचं. समजा एका प्रिंटची, म्हणजे चित्राच्या छापील प्रतीची, किंमत २० डॉलर आहे. छपाई, प्लास्टिकचं पाकीट, मागचा पुठ्ठा यात ४ डॉलर गेले, राहिले १६. टेबलाचं भाडं समजा ३०० डॉलर. मग नुसतं भाडं सुटायला किती प्रिंट विकायला हव्यात? १९. त्यानंतर प्रवास, हॉटेल, जेवण. मग त्या चित्रासाठी लागलेले तास. सहावीतल्या मुलीला हा हिशोब जमतो, आणि तो केल्यावर "एवढं महाग का?" हा प्रश्न ती वेगळ्या सुरात विचारते. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, खरे आकडे तिने एखाद्या मोकळ्या बसलेल्या चित्रकाराला विचारावेत. बहुतेक जण सांगतात.

आणखी एक विषय इथे हमखास निघतो. हे पात्र तर दुसऱ्याच कुणाचं आहे, मग हे लोक ते विकतात कसे? मुलं हे बरोबर पकडतात. याला सरळ उत्तर नाही. कायद्याने हक्क मूळ निर्मात्याचे असतात. बरेच निर्माते चाहत्यांच्या छोट्या कामाकडे काणाडोळा करतात, काही करत नाहीत. जपानमध्ये अशा हौशी मासिकांतून पुढे मोठे व्यावसायिक तयार झाले. क्लॅम्प हा चित्रकर्त्या स्त्रियांचा प्रसिद्ध गट सुरुवातीला अशीच हौशी मासिकं काढायचा. मी मुलांना एवढंच सुचवते: परत निघायच्या आधी ज्याची स्वतःची पात्रं आहेत असं एक टेबल शोधा आणि तिथे थांबा. ११ व्या वर्षी "माझं स्वतःचं पात्र" ही कल्पना डोक्यात शिरली तर ती पुढे पुष्कळ काम करून घेते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे चित्र हलतं कसं. यासाठी घरी एका संध्याकाळी पंधरा मिनिटं द्या. तिची आवडती मालिका लावा, थांबवा आणि एक एक फ्रेम पुढे सरकवा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण अ‍ॅनिमेत सहसा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. बोलताना कित्येकदा फक्त ओठ हलतात, बाकीचा चेहरा तसाच राहतो. मारामारीच्या दृश्यात मात्र अचानक चित्रांची संख्या वाढते. तिला मोजू द्या. ही काटकसर १ जानेवारी १९६३ पासून रुळली. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांच्या स्टुडिओने तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका टीव्हीवर आणली, आणि तेवढी चित्रं त्या वेळात आणि त्या पैशात काढणं शक्यच नव्हतं. मग काय हलवायचं आणि काय स्थिर ठेवायचं हे ठरवण्याचीच एक कला झाली. महत्त्वाच्या क्षणांची चित्रं एक जण काढतो, त्यांच्या मधली चित्रं दुसरे भरतात, आणि त्याही आधी सगळ्या दृश्यांचा चित्रमय आराखडा तयार असतो.

हे डोक्यात घेऊन ती अ‍ॅनिमेटरच्या किंवा आवाज देणाऱ्या कलाकाराच्या कार्यक्रमाला बसली, तर तिला तिथलं बोलणं कळेल. आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी माइकसमोर उभं राहून एक प्रश्न विचारता आला तर आणखी चांगलं. शेकडो अनोळखी माणसांसमोर, स्वतःला खरोखर हव्या असलेल्या उत्तरासाठी उभं राहणं शाळेत क्वचित घडतं. जबरदस्ती मात्र नको. तिने प्रश्न कागदावर लिहून ठेवला आणि शेवटी विचारला नाही, तरी तो तयार करताना ती शिकलीच.

आता कॉस्प्ले, आणि तुमच्या आईंचा आक्षेप. त्या सोंगं म्हणतात ते मला मुळीच खटकत नाही. कोकणातला दशावतारी कलावंत स्वतःची रंगरंगोटी स्वतः करतो, त्याचा मुकुट आणि दागिने तो जिवापाड सांभाळतो. त्यामागे जी मेहनत असते तीच इथे आहे, हे आईंना सांगून बघा. आणि नुसतं सांगू नका, त्यांना यात ओढा. तुम्ही लिहिलंय की त्यांना शिवण येतं. बऱ्याच अ‍ॅनिमे पात्रांच्या अंगात हाकामा असतो, म्हणजे घेरदार, चुण्यांचा जपानी पायघोळ पोशाख. पारंपरिक हाकाम्याला पुढे पाच आणि मागे दोन चुण्या असतात. त्या एकसारख्या बसवणं, इस्त्री करून टिकवणं, कमरेला नीट बांधणं हे यूट्यूबवर बघून मुलांना जमत नाही. ज्यांचे हात निऱ्यांना सरावलेत त्यांना हे पाच मिनिटांत उमगतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीने नातीला सुईत दोरा ओवण्यापासून टाके घालण्यापर्यंत सगळं याच निमित्ताने शिकवलं. एरवी त्या दोघींना एकमेकींशी बोलायला पुरेसे शब्दही नव्हते, कारण नातीचं मराठी तुटक आणि आजीचं इंग्रजी जेमतेम. कापड मध्ये आल्यावर ती अडचण बरीच कमी झाली.

पूर्ण पोशाख मात्र विकत घेऊ नका. एकच वस्तू तिने स्वतः करावी: कमरपट्टा, पिशवी, हातातला पट्टा, नाहीतर एखादं शस्त्र. शस्त्र करताना प्रमाणाचं गणित आपोआप येतं. चित्रात पात्र १२ सेंटिमीटर उंच आहे आणि तलवार ९ सेंटिमीटर. मुलगी १४० सेंटिमीटर. मग तलवार किती? १०५. तेवढी लांब तलवार घेऊन मेट्रोत चढता येईल का, हा पुढचा प्रश्न. हाताला घालायचं कवच करायचं असेल तर हातावर जुन्या बाहीवरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, वर कागदी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर शिवणीच्या रेषा आखायच्या, त्या रेषांवर जपून कापून काढायचं आणि सपाट पसरायचं. गोलाकार हाताचा सपाट नकाशा तयार होतो. कुठे तो सपाट व्हायला नकार देतो, तिथे चीर द्यावी लागते. ब्लाउजला टक्स का लागतात हे त्यातून जितकं पटकन कळतं तितकं सांगून कळत नाही.

साहित्याबद्दल काटेकोर राहा. कवचासाठी वापरतात तो ईव्हीए फोम, म्हणजे व्यायामाच्या चटया असतात तसला पदार्थ, मऊ आणि स्वस्त आहे. पण तो धारदार कटरने कापावा लागतो, हीट गनने वाकवावा लागतो आणि कॉन्टॅक्ट सिमेंटने चिकटवावा लागतो. कटर आणि हीट गन मोठ्यांच्याच हातात. कॉन्टॅक्ट सिमेंटचा वास अंगाला बाधतो, ते काम उघड्यावर किंवा सगळ्या खिडक्या उघडून, आणि तेही मोठ्यांनीच. ११ वर्षांच्या मुलीने आराखडा, कात्रीने कागदी साचा, हातशिलाई आणि ॲक्रिलिक रंगकाम करावं. तेवढं भरपूर आहे. खरं लोखंडी पातं किंवा खऱ्यासारखी दिसणारी बंदूक सहसा चालत नाही आणि दारात सगळी नकली शस्त्रं तपासली जातात, म्हणून आयोजकांचे नियम साहित्य आणायच्या आधी वाचा.

परीक्षक म्हणून मी काय बघते तेही सांगते, कारण त्यातून मुलांचं शिक्षण कळतं. मी पोशाखाची आतली बाजू उलटून बघते. विचारते: यातलं तू काय केलंस आणि काय विकत आणलंस? कुठे अडलीस? मग काय केलंस? पालकांनी करून दिलेला देखणा पोशाख या तीन प्रश्नांत उघडा पडतो. आणि वाकडी शिवण असलेली मुलगी "इथे कापड उलटं लागलं, म्हणून उसवलं आणि पुन्हा शिवलं" असं सांगते, तेव्हा मला तिच्याकडून आणखी ऐकावंसं वाटतं. आपण केलेलं काम अनोळखी माणसाला नीट समजावून सांगणं ही गोष्ट तिला पुढे कुठल्याही क्षेत्रात लागणार आहे, तुमच्या कोडिंगमध्येसुद्धा.

एका बाबतीत मी सगळ्या पालकांना आग्रहाने सांगते: फोटो आणि स्पर्श. या मेळाव्यांत एक नियम आता पक्का झाला आहे. वेश केलाय म्हणून कुणालाही तुम्हाला हात लावायचा, मिठी मारायचा किंवा न विचारता फोटो काढायचा हक्क मिळत नाही. न्यू यॉर्क कॉमिक कॉनने २०१४ साली तशा मोठ्या पाट्याच लावल्या होत्या. तुमची मुलगी हे दोन्ही बाजूंनी शिकेल. दुसऱ्याचा फोटो हवा तर "काढू का?" विचारायचं, नाही म्हटलं तर हसून पुढे जायचं. आणि तिचा फोटो कुणाला हवा असेल तर त्या व्यक्तीने तिला आणि तुम्हाला, दोघांनाही विचारायला हवं. आधी तिचं उत्तर, मग तुमचं. आपल्या घरांत मुलांना "काकांना फोटो काढू दे, असं काय करतेस" म्हणायची सवय असते. त्या दिवशी ते वाक्य ओठांवर येऊ देऊ नका. तिने "नको" म्हटलं आणि समोरच्याने ते लगेच मान्य केलं, हा अनुभव या वयात फार मोलाचा आहे. माझ्या ओळखीच्या काही मुलींनी नाही म्हणायचं पहिल्यांदा इथेच, वडील शेजारी उभे असताना केलं.

सुरक्षिततेचं बाकीचं नेहमीचंच. तिच्या ओळखपत्राच्या मागे तुमचा फोन नंबर, भेटायची एक ठरलेली जागा, अडचण आली तर कर्मचाऱ्याचा बिल्ला बघून त्याच्याकडेच जायचं. ११ व्या वर्षी तिला एकटं सोडू नका, "इथेच थांब, मी कॉफी घेऊन येतो" असंही नको.

आता मर्यादा. अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. पुष्कळशा मालिका प्रौढांसाठीच असतात. प्रौढांचे कार्यक्रम वेगळे असतात, तिथे ओळखपत्र बघूनच सोडतात, ती अडचण नाही. पण विक्रेत्यांच्या हॉलमध्ये तोकड्या कपड्यांतल्या पात्रांची पोस्टरं डोळ्यांसमोर येतीलच. आधी घरी शांतपणे बोलून ठेवा, म्हणजे तिथे अवघडून तिचा हात ओढावा लागणार नाही. ज्या मुलांना मोठा आवाज आणि धक्काबुक्की सहन होत नाही त्यांना एवढ्या मोठ्या मेळाव्यात आधी नेऊ नये. त्यांच्यासाठी ग्रंथालयांत होणारे छोटे एक दिवसाचे कार्यक्रम बरे.

जपानबद्दल ती शिकेल का? थोडंसं, आणि तेही एका खिडकीतून दिसेल तेवढंच. कन्व्हेन्शन म्हणजे जपान नव्हे, हे तिला सांगायला हवं. पण लिपीची गोडी तिथे लागते, कारण सगळीकडे पाट्या दिसतात. आणि इथे मराठी मुलांच्या हाताशी एक किल्ली आहे. जपानी अक्षरमाला स्वरांनी सुरू होते: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी येतात: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आता आपली क, च, ट, त, प, य, र, ल, व ही वर्णमालेची चाल मनात म्हणून बघा. हे साम्य योगायोगाचं नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर जपानात पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून ती मांडणी आली. त्यांचा "सा" आपल्या च-वर्गाच्या जागी आणि "हा" प-वर्गाच्या जागी बसतो, कारण ते उच्चार काळाच्या ओघात बदलले. तुमची मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जात असेल तर हिरागानाची, म्हणजे या जपानी अक्षरमालेची, ४६ अक्षरं तिला वर्गातल्या इतरांपेक्षा लवकर लागतील. आणि बाराखडीचा कंटाळा करणारी मुलं हे कळल्यावर तक्ता पुन्हा उघडतात.

पैशांचं थोडक्यात. रक्कम आधी ठरवा, रोख तिच्या हातात द्या, आणि पहिल्या फेरीत काहीही घ्यायचं नाही असं ठरवा. दुसऱ्या फेरीत तिला तीन गोष्टी आठवत असतील, त्यातली एक ती घेईल. बाहुल्यांमध्ये नकली माल बराच असतो: रंग रेषेबाहेर गेलेला, खोक्यावर निर्मात्याचं नाव नाही, किंमत संशय यावा इतकी कमी. ते ओळखायला शिकवा. संपले की संपले, तुम्ही वरून भर घालू नका.

कोडिंग कॅम्पशी तुलना तुम्ही केली आहे म्हणून सरळ सांगते. कॅम्पमध्ये एक ठरावीक कौशल्य क्रमाने शिकवलं जातं. कन्व्हेन्शनमध्ये तसं काहीच मिळत नाही. एका दिवसात तिचं चित्र सुधारणार नाही. तिथे तिला पुढच्या वर्षभराच्या कामाचं कारण मिळतं, आणि ते टिकवायचं तर परतल्यावरचा आठवडा महत्त्वाचा. घरी आल्यावर तिला एकच गोष्ट करायला सांगा: जे ऐकलं त्यातलं एक करून बघायचं. हातांचं एक पान, वहीच्या कोपऱ्यावर उलटत जाणारी २४ चित्रं, किंवा आठ पानांची स्वतःची छोटी गोष्ट, जी घडी घालून, मध्ये शिवून तिने आजीला वाचून दाखवावी. मराठीत वाचून दाखवायची असेल तर आणखी उत्तम. हा आठवडा रिकामा गेला तर तुमची भीती बऱ्यापैकी खरी ठरते, हे मीही मान्य करते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: भारतात कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि मुंबईतही भरतं. त्यात अ‍ॅनिमेबरोबर सुपरहिरो, गेम असं सगळं एकत्र असतं, पण स्वतःचं काम घेऊन बसणारे भारतीय चित्रकार तिथे भेटतात, आणि मुलांनी आधी त्यांच्याच टेबलांपाशी जावं. वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू पडतं.

तुमच्या बाबतीत मी रविवार घ्यायला सांगेन. शनिवारी सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि रविवारी दुपारी चित्रकार थोडे निवांत होतात, बोलायला वेळ देतात. मेट्रोने माउंट व्हर्नन स्क्वेअरला उतरा, गाडी नको. पाण्याच्या बाटल्या आणि घरचे पराठे बरोबर घ्या. लहान मुलांचं तिकीट आणि पालकांच्या सोबतीचे नियम दर वर्षी बदलू शकतात, ते आयोजकांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आणि तिकीट काढण्याआधी तिला कार्यक्रमपत्रिका देऊन फक्त दोन कार्यक्रम निवडायला सांगा. ती कुठले निवडते आणि सध्या वहीत काय काढते ते इथे लिहिलंत, तर आर्टिस्ट ॲलीत कुठल्या प्रकारच्या टेबलांपाशी थांबायचं आणि काय विचारायचं हे मी नेमकं सुचवू शकेन.